स्वेटर आहे, कानटोपी आहे, तरी हुडहुडी: साठीनंतरची थंडी नेमकी कुठून शिरते?

डिसेंबर लागला की घरोघरी एकच तक्रार सुरू होते. याच गारठ्यात पूर्वी नुसत्या सदऱ्यावर फिरायचो, आता स्वेटरवर शाल घेतली तरी काकडायला होतं. यावर घरातली तरुण मंडळी आणखी एक स्वेटर आणून देतात आणि तक्रार जिथल्या तिथे राहते. बहुतेक वेळा कपडे कमी नसतातच. घामानं ओला झालेला बनियन, उघडी मान, गार सिमेंटचा कट्टा, करकचून बांधलेले बूट किंवा रोज घेतली जाणारी एखादी गोळी, यांतल्या कुठल्या तरी वाटेनं ऊब निसटत असते. ती वाट सापडली की निम्मं काम झालं.

वयाबरोबर तीन गोष्टी बदलतात. कातडीखालची चरबी पातळ होते. स्नायू घटतात, आणि शरीरातली बरीचशी उष्णता स्नायूच तयार करतात. शिवाय गार हवा लागताच हातापायांच्या रक्तवाहिन्यांनी आकसून आतली ऊब राखायची असते, ते काम मंदावतं. याचा परिणाम दोन तऱ्हांनी दिसतो. काहींना थंडी जास्त वाजते. काहींना ती उशिरा कळते, कुडकुडणंही उशिरा आणि कमी येतं, आणि तोवर शरीर बरंच गार झालेलं असतं. दुसरा प्रकार जास्त धोक्याचा. 'मला काही थंडीबिंडी वाजत नाही' असं छातीठोकपणे सांगणाऱ्या ऐंशीच्या आजोबांचे हात एकदा धरून पाहावेत.

यंदाच एकदम वाढली असेल तर आधी रक्त तपासा

थंडी वर्षागणिक थोडी थोडी वाढत आली असेल तर ते वयाचं. पण मागच्या हिवाळ्यापर्यंत ठीक होतं आणि यंदा पंख्याखालीही बसवत नाही, असं असेल तर दुकानात जाण्याआधी डॉक्टरांकडे जा. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), टीएसएच (थायरॉइडची तपासणी), साखर आणि बी-१२ एवढ्या साध्या तपासण्यांत बऱ्याच गोष्टी उलगडतात. हिमोग्लोबिन पुरुषांत १३ च्या आणि बायकांत १२ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय, आणि रक्तक्षयात थंडी सोसत नाही. थायरॉइड मंदावलं असेल तर थंडीच्या जोडीला बद्धकोष्ठ, कोरडी कातडी, सुस्ती आणि वजनवाढ दिसते. बायकांमध्ये हे जास्त आढळतं आणि 'वय झालं' म्हणून सोडून दिलं जातं. शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं अगदी नेहमीचं. त्यात पाय बधिर होतात, मुंग्या येतात, आणि पुष्कळ जण त्याचं वर्णन 'पाय गार पडतात' असं करतात. मधुमेहातही तेच. हात लावून पाहिला तर पाय कोमट असतो, पण त्या माणसाला तो बर्फासारखा वाटत असतो. अशा पायावर मोज्यांचा उपाय चालत नाही.

औषधांची पिशवीही एकदा टेबलावर ओता. रक्तदाब किंवा हृदयासाठी दिलेल्या अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल या गोळ्यांनी हातपाय गार पडू शकतात. झोपेच्या गोळ्यांनी थंडीची जाणीव आणि कुडकुडणं दोन्ही दबतात. गोळी मनानं बंद करायची नाही. बीटा ब्लॉकर, म्हणजे वरच्या तिन्ही गोळ्यांचा गट, एकदम थांबवणं हृदयाला महागात पडतं. फक्त 'या गोळीनंतर हात गार पडायला लागले' हे डॉक्टरांना तारखेसकट सांगा, पर्याय असतात.

एकच पाय गार असणं ही वेगळी खूण आहे. त्यात चालताना पोटरी भरून येत असेल, थांबलं की दुखणं जात असेल आणि विडी-सिगारेट किंवा मधुमेह सोबतीला असेल, तर पायाच्या रोहिणीत, म्हणजे पायाला रक्त पुरवणाऱ्या वाहिनीत, अडथळा असू शकतो. थंडीत बोटं आधी पांढरी, मग निळी आणि ऊब मिळाल्यावर लाल होत असतील तर तेही दाखवून घ्या.

वेळ चुकते

पहाटे साडेपाचला बाहेर पडायचा हट्ट हे या तक्रारीचं सगळ्यात स्वस्तात दुरुस्त होणारं कारण. हिवाळ्यात आभाळ निरभ्र आणि हवा कोरडी असते, जमीन रात्रभर उष्णता सोडत राहते आणि पारा सर्वांत खाली जातो तो सूर्योदयाच्या आसपास. जानेवारीत पुण्यात सूर्य सातनंतर उगवतो. म्हणजे साडेपाच ते सात ही फेरी दिवसातल्या सर्वांत गार दीड तासात बसते. तीच फेरी आठ-सव्वाआठला नेली तर अंगावर ऊन असतं आणि एक कपडा कमी लागतो. ज्यांना हृदयविकार किंवा दमा आहे त्यांनी तरी यात मुरवत करू नये: गार हवेनं रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, आणि जमिनीलगत अडकलेला धूरही याच वेळी सर्वांत दाट असतो.

जागाही पाहा. गार हवा जड असते, ती उतारानं खाली येऊन खोलगट भागात साठते. एकट्या पुण्यात, एकाच पहाटे पाषाण किंवा एनडीए परिसरातला तापमानाचा आकडा लोहगाव-मगरपट्ट्यापेक्षा काही अंशांनी खाली असतो. नाशिककडे निफाडच्या कुंदेवाडीतल्या गहू संशोधन केंद्राचा आकडा दरवर्षी बातमीत येतो. शहरात तेवढी थंडी नसते. तेव्हा नदीकाठची आणि कालव्याकाठची वाट उन्हाळ्यासाठी राखून ठेवा आणि हिवाळ्यात जरा उंचावरची, पूर्वेकडून ऊन येणारी वाट धरा. सपाट प्रदेशात किमान तापमान १० अंशांवर किंवा खाली आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी उतरलेलं असेल तर हवामान खातं थंडीची लाट म्हणतं. त्या दिवसांत घरातल्या घरात किंवा सोसायटीच्या जिन्याखाली फेऱ्या मारल्या तर काही बिघडत नाही.

चालताना घाम, थांबलं की हुडहुडी

सर्वाधिक लोक इथे फसतात. घरातून निघताना थंडी वाजते म्हणून जाड स्वेटर घातला जातो. पंधरा मिनिटांत पाठीला घाम येतो, सुती बनियन तो पिऊन घेतो आणि पाठीला चिकटतो. मग गप्पांसाठी कट्ट्यावर बैठक जमते. चालणं थांबल्यामुळे उष्णता तयार होणं मंदावलेलं, ओला बनियन वाळताना अंगाचीच ऊब खातोय, आणि खालून सिमेंट ती ओढून घेतंय. दहा मिनिटांत माणूस कुडकुडू लागतो आणि दोष हवेला देतो.

दुरुस्ती अशी. बाहेर पडण्याआधी पाच-सात मिनिटं घरातच फिरा, हात फिरवा, टाचा उचला. अंग जरा तापलं की निघताना जाड स्वेटरची गरजच वाटत नाही. आतला कपडा सुती नको. लोकरीचा किंवा घाम न धरणाऱ्या पॉलिएस्टरचा पातळ थर्मल घ्या. सुती बनियनची सवय सुटत नसेल तर एक कोरडा बनियन पिशवीत ठेवा आणि बसण्याआधी बदला. बागेत ते अवघड वाटत असेल तर निदान आतल्या बाजूनं पाठीवर एक पातळ पंचा सरकवा. चेन असलेलाच वरचा कपडा घ्या, आणि घाम येण्याच्या आधी, म्हणजे साधारण दहाव्या मिनिटाला, चेन छातीपर्यंत उघडा. घाम आल्यावर उघडली तर उलट गारठा आत येतो. बसायची वेळ आली की चेन गळ्यापर्यंत वर, मफलर बाहेर, आणि बुडाखाली काहीतरी. जुन्या योगा मॅटचा फूटभर लांब-रुंद तुकडा कापून घडी करून पिशवीत टाकला की काम झालं. तो नसेल तर वर्तमानपत्राच्या आठ-दहा पानांची घडीही चालते.

शेजारच्या काकांकडे पाहून कपडे घालू नयेत हेही इथेच सांगितलं पाहिजे. ते झपाझप चालतात, त्यांना पातळ जर्किन पुरतं. गुडघेदुखीमुळे ज्यांची चाल धीमी आहे त्यांच्या शरीरात तेवढी उष्णता तयारच होत नाही. त्यांना त्याच हवेत एक थर जास्त लागतो, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

थर कसे लावायचे

ऊब लोकरीत नसते, लोकरीनं अडवून धरलेल्या हवेत असते. म्हणून एका जाड स्वेटरपेक्षा दोन पातळ कपडे जास्त गरम, शिवाय एक काढता येतो. पुणे-नाशिक-संभाजीनगरच्या १० ते १५ अंशांच्या सकाळी पुरुषांना पूर्ण बाह्यांचा पातळ थर्मल, त्यावर बिनबाह्यांचा लोकरी स्वेटर आणि वर वारा अडवणारं पातळ विंडचीटर एवढं पुरतं. वारा नसेल तर विंडचीटर पिशवीत. पारा १० च्या खाली गेला तर खालीही थर्मल पायजमा. थर्मल अंगाला लागून बसला पाहिजे, पण मनगटावर आणि कमरेवर इलॅस्टिकचे वळ उठायला नकोत. वळ उठले म्हणजे एक माप मोठं घ्या. रेनकोट विंडचीटर म्हणून वापरू नका, तो घाम आतच कोंडतो.

साडी नेसणाऱ्या बायकांची अडचण निराळी आणि कोणी तिचा विचार करत नाही. बाजारातले बायकांचे स्वेटर कमरेपर्यंत आखूड आणि समोरून उघडे. ब्लाउज आणि परकर यांच्यामधली चार-पाच इंची पट्टी तशीच राहते. नेमकं तिथून पोट आणि कंबर गारठते. ब्लाउजच्या आत कमरेखाली जाणारा पातळ थर्मल घालून तो परकराच्या नाडीत खोचायचा, परकराखाली घोट्यापर्यंत लेगिंग, आणि वरून नितंबांपर्यंत येणारा बटणांचा लांब स्वेटर. पदर स्वेटरच्या आत. शाल नुसती खांद्यावरून सोडली तर वाऱ्यानं उघडते; ती समोर आडवी घेऊन टोकं मागे खोचा किंवा मोठी पिन लावा.

कानटोपीबद्दल एक गैरसमज फार पसरला आहे, की अंगातली निम्मी उष्णता डोक्यातून जाते. तसं नाही, डोकं म्हणजे अंगाच्या पृष्ठभागाचा साधारण दहावा हिस्सा, त्यातून जाणारी ऊबही त्याच हिशेबातली. तरी टोपी हवीच, कारण बाकी अंग झाकलेलं असताना उघडं टक्कल खूप सोसतं. मात्र कान पूर्ण झाकणारी जाड माकडटोपी घालून रस्त्यावर चालू नका. मागून येणाऱ्या दुचाकीचा आवाज येत नाही, आणि ऐकू कमी येणाऱ्यांना तर मुळीच नाही. पातळ विणीची टोपी आणि गळ्याला वेगळा मफलर ही जोडी बरी.

हातपाय गारच राहतात

हात गार पडले की लोक हातमोजे घेतात. आधी छाती, मान आणि मनगटं पाहा. आतलं अंग थोडं जरी गार झालं तरी शरीर हातापायांचं रक्त आत ओढून घेतं. छाती उबदार झाली की बोटांत रक्त आपोआप परततं. जुन्या मोज्याचा पंजा कापून उरलेली नळी मनगटावर चढवली तर नुसत्या पातळ हातमोज्यानंही भागतं. हातमोजे घेणारच असाल तर चार बोटं एकत्र राहतील असे घ्या, बोटं एकमेकांना ऊब देतात.

पायांच्या बाबतीत चूक ठरलेली: नेहमीच्याच बुटात दोन जोड मोजे कोंबायचे. बूट आवळतो, रक्त अडतं, हवेचा थर राहत नाही आणि पाय आधीपेक्षा गार. एकच लोकरी मोजा आणि अर्ध्या मापानं मोठा बूट. जुन्या बुटांवरच भागवायचं असेल तर तळव्यात फेल्टचा किंवा फोमचा जास्तीचा सोल टाका, पण घालून बोटं हलतात का ते बघा. जाळीचे स्पोर्ट्‌स शूज गवतावरच्या दवात पाच मिनिटांत भिजतात, तेव्हा दव पडलेल्या दिवसांत डांबरी रस्ता बरा. मधुमेह असेल तर दवात अनवाणी चालण्याचा सल्ला कोणीही दिला तरी घेऊ नका.

दुचाकीवर आणि शेतात

हवा १० अंश असेल आणि गाडी ताशी ४० किलोमीटरनं जात असेल तर उघड्या चेहऱ्याला ती ६ अंशांसारखी लागते. स्वेटर इथे जाळीसारखा; वारा आरपार जातो. स्वेटरच्या आत छातीवर वर्तमानपत्राची दुहेरी पानं घालायची जुनी युक्ती अजूनही तितकीच कामाची. गुडघेही लक्षात ठेवा: मांडीपासून नडगीपर्यंत पातळ विंडप्रूफ पॅन्ट नसेल तर गाडीवरून उतरताना गुडघे आखडतात आणि तोल जातो. पोचल्यावर मिनिटभर गाडी धरून उभं राहा, मग पाऊल टाका.

रात्रीच्या विजेवर कांद्याला किंवा गव्हाला पाणी भरणाऱ्या साठीपुढच्या शेतकऱ्यांची थंडी बागेतल्या थंडीहून कितीतरी कठीण. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगानं ऊब ओढतं. तिथे दारं धरताना, म्हणजे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवताना, घोंगडीपेक्षा गमबूट महत्त्वाचे, आतून लोकरी मोजे, आणि दुसरा कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला. बुटात पाणी शिरलं की लगेच बदलायचं, 'एवढं वाफं झालं की' म्हणायचं नाही. दोघांनी मिळून जावं. बिबट्यासाठीही आणि यासाठीही. एकटा माणूस गारठला तर ते त्याचं त्याला कळत नाही.

शेकोटी, ब्रँडी, लाडू

थंडीवर ब्रँडी किंवा रम घेतली की कातडीतल्या रक्तवाहिन्या फुलतात, गरम वाटतं, आणि आतली ऊब भराभर बाहेर जाते. बाहेर जायच्या आधी तर नकोच. शेकोटी उघड्यावर ठीक, पण नायलॉनचं जर्किन वितळून कातडीला चिकटतं, शालीचं टोक पेटतं. तीनेक हात लांब बसा. रोज जवळ बसणाऱ्यांच्या नडग्यांवर जाळीसारखे काळपट डाग पडतात, ते कातडी भाजत असल्याचं लक्षण. कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीही नाही, तिच्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाही. बधिर पायांना गरम पाण्याची पिशवी लावू नका, फोड आल्यावरच कळतं.

उपाशीपोटी मात्र निघू नका. पोटात काही गेलं की उष्णता तयार होते. अर्धी बाजरीची भाकरी किंवा मूठभर शेंगदाणे-फुटाणे पुरेत. डिंकाचा लाडू चांगलाच, पण त्यात गूळही भरपूर असतो, साखरवाल्यांनी मोजून खावा. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन रिकाम्या पोटी थंडीत फिरणं तर दुहेरी धोक्याचं. पाणी पीत राहा. थंडीत लघवी जास्त होते म्हणून लोक पाणी तोडतात, आणि रक्तदाबाच्या गोळीत लघवीचं औषध असेल तर चक्कर येते. तिळाच्या तेलानं कातडी फुटायची थांबते. ऊब राखण्याचं काम तेल करत नाही.

यात्रेला जाताना

उंचीच्या दर हजार मीटरला पारा साधारण साडेसहा अंशांनी उतरतो. केदारनाथ ३,५८३ मीटरवर, गौरीकुंड त्याच्या दीडेक हजार मीटर खाली. म्हणजे खाली स्वेटरवर भागलं तरी वर दहा अंश कमी धरून चला, आणि मेमध्येही पाऊस येतो. थर्मलचे दोन जोड, एक नेहमी कोरडा राखून ठेवलेला, आणि खेचरावरून जाणार असाल तर चालणाऱ्यांपेक्षा एक थर जास्त: बसलेल्या माणसाच्या अंगात तेवढी ऊब तयार होत नाही.

हे दिसलं तर फेरी तिथेच थांबवा

कुडकुडणारा माणूस अचानक कुडकुडायचा थांबला आणि तरी अंग गार, बोलणं अडखळतंय, पाय लटपटतात, बटण लावता येत नाही, चिडचिड किंवा गुंगी आलीय: हे थकव्यासारखं दिसतं, पण शरीराचं तापमान ३५ अंश सेल्सियस, म्हणजे ९५ फॅरनहाइटच्या खाली गेल्याची ही लक्षणं. घरातल्या पाऱ्याच्या तापमापीचा आकडा साधारण तिथूनच सुरू होतो, त्यामुळे पारा वर चढलाच नाही तर 'ताप नाही' म्हणून निश्चिंत होऊ नका. डिजिटल असेल आणि 'लो' दाखवत असेल तर तोच इशारा.

१०८ ला फोन करा. तोवर त्याला वाऱ्यातून आडोशाला न्या, जमिनीवर थेट झोपवू नका, खाली चादर किंवा पुठ्ठा घाला. ओले कपडे उतरवून कोरड्यात गुंडाळा, डोकं आणि मान आधी. ऊब छाती, काखा आणि पोटाला द्या. हातपाय चोळू नका, कढत पाण्यात बुडवू नका. तिथलं गार रक्त एकदम आत आलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. पूर्ण शुद्धीवर असेल आणि नीट गिळता येत असेल तरच कोमट गोड चहा, घोटघोट. छातीत दुखणं, डाव्या हातात कळ किंवा दम लागणं असेल तर चहासुद्धा नको, सरळ रुग्णवाहिका.